वापसा म्हणजे आकडा किती? शाळेतल्या मुलांसाठी सेन्सर आणि कोडिंगची सुरुवात

"सर, वापसा म्हणजे किती?"

सातवीतल्या मुलीने हे विचारलं तेव्हा मी फळ्यावर मातीचा ओलावा मोजणाऱ्या सेन्सरची आकृती काढत होतो. वापसा म्हणजे माती ना कोरडी ना चिखल, हाताला बरोबर ओल लागते ती अवस्था. तिच्या घरी केळी. वडील रोज सकाळी ठिबकचा व्हॉल्व्ह सोडायच्या आधी मूठभर माती उचलतात, दाबतात आणि "वापसा आहे, आज राहू दे" किंवा "सोड पाणी" एवढंच बोलतात. त्यांनी आकडा कधी सांगितला नाही, त्यांना त्याची गरजच पडली नाही. पण फळ्यावरच्या त्या यंत्राला आकड्याशिवाय काही कळत नाही. त्या दिवशी मला उत्तर देता आलं नाही. नंतर मुलांनीच ते काढलं, आणि ते काढता काढता जेवढं कोडिंग आलं तेवढं एरवी वर्षभर शिकवून आलं नसतं.

हा लेख खानदेशातल्या, रावेर-यावलपासून तळोदा-अक्कलकुव्यापर्यंतच्या शाळांमधल्या शिक्षकांसाठी आहे, आणि घरी पोरांना घेऊन बसणाऱ्या पालकांसाठीही. कोडिंगचा अनुभव लागत नाही. हातात खिळा धरता आला आणि आलेल्या आकड्यावर शंका घेता आली की पुरे.

काय घ्यायचं, काय नाही

पहिल्या वर्षी मायक्रोबिट हा प्रोग्राम करता येणारा छोटा बोर्ड घ्या, असं माझं ठाम मत. बीबीसीने २०१६ साली ब्रिटनमधल्या शाळकरी मुलांना फुकट वाटण्यासाठी हा बोर्ड आणला. काडेपेटीपेक्षा थोडा मोठा, त्यावर २५ बारीक लाल दिवे, दोन बटणं, आणि तापमान, हालचाल, दिशा ओळखणारे सेन्सर आतच बसवलेले. २०२० च्या शेवटी आलेल्या दुसऱ्या आवृत्तीत माइक आणि स्पीकरही आहे. घेताना दुसरी आवृत्तीच मागा, कारण पुढे नोंदी साठवायच्या प्रकल्पाला तीच लागते.

आर्डुइनो नावाचा दुसरा बोर्ड स्वस्त पडतो हे खरं. २००५ मध्ये इटलीतल्या इव्रिया गावात तो जन्मला आणि आज त्याच्या नकला कुठेही मिळतात. पण त्याच्यासोबत ब्रेडबोर्ड (वायरी खोचायची भोकांची पाटी), सुट्या वायरी आणि टाइप करून लिहायचा प्रोग्राम येतो. एक अर्धविराम चुकला की पोरगं तासभर अडकतं. नववीत घ्या, सातवीत नको.

तीन-चार मुलांत एक बोर्ड पुरतो. त्यापेक्षा जास्त मुलं असली की दोघं काम करतात आणि बाकीचे खिडकीतून बाहेर बघतात. सोबत घ्यायचं ते असं: मगरीच्या जबड्यासारखे चिमटे लावलेल्या दहा वायरी, दोन बारीक सेलचा डबा (रिमोटमध्ये घालतो ते सेल), दहा किलोओहमचे चार-पाच आणि ४.७ किलोओहमचा एक रेझिस्टर (विजेला ठरावीक विरोध करणारा बारीक तुकडा), अंतर मोजणारा एचसी-एसआर०४पी आणि पाण्यात बुडवता येणारा डीएस१८बी२० हा तापमानाचा सेन्सर. खिळे गावातल्या हार्डवेअरच्या दुकानात मिळतात.

दोन गोष्टी आधीच सांगून ठेवतो. पहिली केबलची. मोबाइलसोबत येणाऱ्या काही केबल नुसत्या चार्जिंगच्या असतात, त्यांच्यातून डेटा जात नाही. बोर्डाचा दिवा लागतो, पण कॉम्प्युटरवर काहीच उमटत नाही. माझा पहिला अख्खा तास यात गेला आणि मी बोर्डालाच शिव्या घालत बसलो. चांगली केबल सापडली की तिला रंगीत चिकटपट्टी लावा.

दुसरी गोष्ट व्होल्टेजची. मायक्रोबिट ३ व्होल्टचा जीव आहे. ५ व्होल्टचा सेन्सर थेट त्याच्या पिनला (बोर्डाच्या कडेची वायर जोडायची जागा) जोडला तर पिन जळू शकते. एक बोर्ड मी स्वतःच्या हाताने असा घालवला आहे. म्हणून अंतराचा सेन्सर घेताना नावाच्या शेवटी 'पी' असलेलाच घ्या, तो ३ व्होल्टवरही चालतो.

पहिला तास: आतलाच सेन्सर

प्रोग्राम लिहायला मेककोड हे संकेतस्थळ वापरायचं. ठोकळे एकमेकांत अडकवले की प्रोग्राम तयार. पान एकदा नेटवर उघडलं की नंतर नेट गेलं तरी चालतं. मात्र जादा ठोकळ्यांचे संच, म्हणजे एक्स्टेन्शन, नेटशिवाय येत नाहीत. ते आदल्या रात्रीच घरी उतरवून ठेवा. शाळेत हॉटस्पॉटची एक काडी शोधत वर्गभर फिरायची वेळ येऊ नये. लॅपटॉपही चार्ज करूनच न्या, वीज जायची वेळ आणि कोडिंगचा तास यांचं काहीतरी साटंलोटं असतं.

आता पायऱ्या. नवा प्रोजेक्ट उघडा. 'ऑन बटन ए प्रेस्ड' हा ठोकळा ओढा, त्यात 'शो नंबर' टाका आणि आकड्याच्या जागी 'टेंपरेचर' बसवा. एवढाच प्रोग्राम. डावीकडे बोर्डाचं चित्र असतं, त्यावर तापमानाची पट्टी वरखाली करून बघा. मग केबल जोडून डाउनलोड करा. मायक्रोबिट कॉम्प्युटरला पेन ड्राइव्हसारखा दिसतो. उतरलेली फाइल त्यात टाकली की बोर्डाचा दिवा लुकलुकतो आणि प्रोग्राम सुरू होतो.

आमच्याकडे हा तास एप्रिलमध्ये झाला. सकाळची शाळा, वेळ अकराची, वर पत्रा. भिंतीवरच्या थर्मामीटरमध्ये पारा ३८ वर, आणि बोर्ड ४२ दाखवतोय. वर्गात गलका झाला. कोणी म्हणे बोर्ड खराब, कोणी म्हणे थर्मामीटर जुना. इथे घाईने उत्तर देऊ नका. दोन्ही सावलीत शेजारी-शेजारी ठेवायला सांगा, बोर्ड बंद करून दहा मिनिटांनी चालू करायला सांगा, मग हाताच्या मुठीत धरून बघायला सांगा. थोड्या वेळात कोणाच्या तरी लक्षात येतं की बोर्डाने हवा मोजलीच नाही, त्याने स्वतःच्या चिपचं तापमान सांगितलं. चिप काम करताना गरम होते, म्हणून आकडा हवेपेक्षा काही अंश वर राहतो.

पुढची पायरी दुरुस्तीची. सावलीत पाच वेळा, दर पाच मिनिटांनी, दोन्ही आकडे वहीत लिहा. प्रत्येक वेळचा फरक काढा, सरासरी घ्या. 'फरक' नावाचं व्हेरिएबल (आकडा साठवायची जागा) तयार करून 'ऑन स्टार्ट'मध्ये ती सरासरी भरा, आणि दाखवताना 'टेंपरेचर'मधून 'फरक' वजा करा. मुलांचं हे पहिलं कॅलिब्रेशन. दुसऱ्या बोर्डाचा फरक वेगळा निघतो, तेव्हा प्रत्येक बोर्डाच्या पाठीवर त्याचा आकडा मार्करने लिहून टाका.

खिळे आणि माती

आता वापशाकडे. यासाठी बाजारातला सेन्सर लागत नाही, जस्ताचा मुलामा असलेले चार इंची दोन खिळे पुरतात. मातीतलं पाणी आणि त्यात विरघळलेले क्षार वीज वाहून नेतात. माती जितकी ओली तितका विजेला विरोध कमी. तो विरोध मोजायचा, बस.

जाड थर्माकोलच्या तुकड्याला तीन सेंटिमीटर अंतरावर दोन भोकं पाडून खिळे घट्ट बसवा. अंतर बदललं की आकडा बदलतो, त्यामुळे हा तुकडा काढायचा नाही. जोडणी अशी:

पिन १ पासून चिमटा पहिल्या खिळ्याला.
दुसऱ्या खिळ्यापासून चिमटा पिन ० ला.
पिन ० आणि जीएनडी (ग्राउंड, वीज परतायची पिन) यांच्यामध्ये दहा किलोओहमचा रेझिस्टर. त्याचे पट्टे तपकिरी, काळा, नारिंगी.

रेझिस्टर कशाला, हे मुलं विचारतात आणि विचारलंच पाहिजे. तो नसला तर कोरड्या मातीत पिन ० अधांतरी राहते आणि आकडा मनाला येईल तसा भरकटतो. रेझिस्टर लावला की वीज दोघांत वाटली जाते, थोडी मातीवर आणि थोडी रेझिस्टरवर. बोर्ड ३ व्होल्टचं माप ० ते १०२३ अशा आकड्यांत सांगतो. मातीचा विरोधही नेमका दहा किलोओहम असेल तर आकडा निम्मा, म्हणजे ५११ च्या आसपास येतो. माती ओली होत गेली की वर जातो, सुकत गेली की शून्याकडे येतो.

प्रोग्राम 'फॉरएव्हर' ठोकळ्यात:

डिजिटल राइट पिन पी१ – १
पॉज १० मिलिसेकंद
सेट 'ओल' – अॅनालॉग रीड पिन पी०
डिजिटल राइट पिन पी१ – ०
शो नंबर 'ओल'
पॉज ५००० मिलिसेकंद

'डिजिटल राइट' आणि 'अॅनालॉग रीड' हे ठोकळे 'अॅडव्हान्स्ड' उघडल्यावर 'पिन्स'मध्ये सापडतात.

खिळ्याला सरळ ३ व्होल्टच्या पट्टीवरून वीज का दिली नाही? दिली तर चालतं, पण ओल्या मातीत सतत वीज वाहिली की धन बाजूचा खिळा विद्युत अपघटनाने खाल्ला जातो. पिन १ वरून फक्त मोजण्यापुरती वीज सोडली की खिळे टिकतात. माझं ऐकून सोडू नका. एका गटाला मुद्दाम सतत वीज द्यायला सांगा आणि आठवड्याने दोन्ही जोड्या शेजारी ठेवून बघा. आठवीच्या रसायनशास्त्राचा एक पाठ तिथेच होऊन जातो.

आता खरं काम. शेतातली काळी माती पत्र्यावर दोन दिवस कडक उन्हात वाळवा, ढेकळं फोडा, चाळणीने चाळा. एक किलो तोलून प्लास्टिकच्या डब्यात भरा. पन्नास मिलिलिटर पाणी घाला, हाताने नीट कालवा, डबा जमिनीवर दोन-तीनदा आपटून माती बसवा, दहा मिनिटं थांबा. मग खिळे पूर्ण खोचून पाच आकडे घ्या आणि मधला आकडा लिहा. पुन्हा पन्नास मिलिलिटर. असं आठ-दहा वेळा, चिखल होईपर्यंत.

आणि प्रत्येक वेळी, आकडा न दाखवता, कोणा शेतकऱ्याला ती माती दाबून बघायला सांगा. आमच्याकडे त्या मुलीचे वडील आले होते. खुर्ची दिली तर बसले नाहीत, डब्यापाशी उकिडवे बसले. माती मुठीत घेऊन दाबायचे, अंगठ्याने गोळा फोडायचे. "कोरडी." "अजून कोरडीच." मग एकदा गोळा झाला, अंगठा लावताच भुसभुशीत फुटला, बोटांना माती चिकटली नाही. "हा वापसा." पुढच्या दोन वेळीही वापसाच म्हणाले, त्यानंतर "ओली", आणि शेवटी हात झटकत "हा चिखल झाला भाऊ, आता यात काय बघता!" मुलं मागे आकडे लिहीत होती. ग्राफ पेपरवर आडवं पाणी आणि उभा आकडा मांडला तेव्हा रेघ आधी झपाट्याने चढली आणि पुढे सपाट झाली. वापशाच्या तीन ठिपक्यांभोवती त्या मुलीने हिरव्या पेनने चौकट काढली. वापसा एक आकडा नाही, आकड्यांचा पट्टा आहे, हे तिने चौकट काढल्यावर सांगितलं.

आमचा पट्टा कितीपासून कितीपर्यंत, ते मी इथे मुद्दाम लिहीत नाही. खिळ्यांची जाडी, त्यांच्यातलं अंतर, तुमच्या शेताची माती, काहीही बदललं की तो बदलतो. पांझरेकाठच्या मातीचा आकडा तापीकाठी चालणार नाही. प्रत्येकाने आपला काढायचा.

पट्टा मिळाला की प्रोग्राममध्ये 'इफ – एल्स इफ – एल्स' घाला. आकडा पट्ट्याच्या खाली असेल तर रडका चेहरा, पट्ट्यात असेल तर हसरा, वर असेल तर थेंब. चेहरे 'शो आयकॉन'मध्ये तयार मिळतात, थेंब दिव्यांनी स्वतः काढावा लागतो. शेतात नेल्यावर मात्र तीन फसगती ठरलेल्या.

काळी माती सुकली की भेगाळते. खिळा भेगेत पडला तर तो हवेत लटकतो आणि आकडा शून्य येतो, खाली वीतभर ओल असली तरी. खिळे रोवल्यावर भोवतीची माती बोटांनी दाबा आणि जागा बदलून तीनदा मोजा.

दुसरी फसगत खताची. ठिबकमधून एकोणीस-एकोणीस हे खत सोडल्यावर पाणी तेवढंच असतं, पण क्षार वाढल्याने आकडा उसळतो. डब्यातल्या मातीत चमचाभर मीठ कालवून हे वर्गातच दाखवा. खिळे ओल मोजत नाहीत, वीज किती सहज जाते ते मोजतात. या दोघांत किती फरक आहे ते मिठाच्या चमच्यात दिसतं.

तिसरी जागेची. ड्रिपरच्या अगदी खाली खोचलं तर नेहमी चिखल, दोन ओळींच्या मध्ये खोचलं तर नेहमी कोरडं. ड्रिपरपासून किती अंतरावर आणि किती खोल, हे ठरवून वहीत लिहा आणि तेच पाळा.

बाजारात कपॅसिटिव्ह नावाचा चपटा, काळा सेन्सरही मिळतो. त्याचा धातू मातीला लागत नाही, म्हणून तो गंजत नाही, आणि खताचा परिणामही त्यावर कमी होतो. पण त्याचा आकडा ओलीत कमी आणि कोरड्यात जास्त येतो. तो पहिल्यांदा लावला तेव्हा मागच्या बाकावरून आवाज आला, "सर, हाई ते उलटंच दखाडस!" बरोबर होतं त्याचं. उलटं दाखवणं हा बिघाड नाही, फक्त 'इफ'मधली खूण फिरवायची.

एक गोष्ट कडक शब्दांत. पोरं लगेच म्हणतात, मोटर आपोआप चालू करू. बोर्डाला मोटर चालवायची ताकद नाही, आणि शेतातल्या स्टार्टरला, घरातल्या बोर्डातल्या २३० व्होल्टला या प्रकल्पात हात लावायचा नाही. हवं तर खेळण्यातली सेलवरची मोटर रिलेने (बोर्डाच्या इशाऱ्यावर चालणाऱ्या स्विचने) चालवा.

एक मीटर किती लांब असतो?

अंतराचा सेन्सर वटवाघळासारखं काम करतो. माणसाला ऐकू न येणारा आवाज सोडतो, तो आपटून परत येईपर्यंतचा वेळ मोजतो. दोन सेंटिमीटरपासून साधारण चार मीटरपर्यंत.

मेककोडमध्ये एक्स्टेन्शनमध्ये जाऊन 'सोनार' घ्या. सेन्सरवरची व्हीसीसी पिन बोर्डाच्या ३ व्होल्टला, जीएनडी जीएनडीला, ट्रिग पिन १ ला, एको पिन २ ला. ठोकळ्यात 'सेंटिमीटर' निवडला की अंतर मिळतं. शाळेच्या टाकीत पाणी किती, फाटकातून किती जण आत आले, असे प्रकल्प यावर होतात. ते सोपे आहेत, मुलं स्वतः करतात.

मला त्याहून आवडतो तो दुसरा खेळ. भिंतीपासून बरोबर एक मीटर अंतर पट्टीने मोजा, सेन्सर तिथे स्टुलावर पक्का करा. आता एप्रिलच्या दुपारी मोजा आणि तीच मांडणी डिसेंबरच्या सकाळी पुन्हा करा. आवाजाचा वेग हवेच्या तापमानाबरोबर वाढतो. शून्य अंशाला तो सेकंदाला सुमारे ३३१ मीटर असतो आणि दर अंशामागे साधारण ०.६ मीटरने वाढतो. ठोकळा मात्र एकच वेग धरून चालतो. तो मायक्रोसेकंदांना ५८ ने भागतो, म्हणजे वेग जवळपास ३४५. हिशोब करा. ४० अंशाला वेग ३५५ च्या आसपास जातो, आवाज लवकर परततो, आणि एक मीटर ९७ सेंटिमीटर भरतो. पहाटे १२ अंशाला वेग ३३९ च्या आत येतो, तोच मीटर जवळपास १०२ होतो. तुमच्या सेन्सरवर एखाद-दोन सेंटिमीटर इकडेतिकडे होईल, पण उन्हाळा आणि हिवाळा यांतला फरक दिसायला हवा. आपल्याकडे उन्हाळा आणि हिवाळा यांत एवढं अंतर असतं की हा प्रयोग शाळेच्या स्टुलावर करता येतो. ज्या गावात बारा महिने सारखी हवा असते, तिथल्या पोरांना हे कसं दाखवणार?

दुरुस्ती अशी: ठोकळ्यात 'सेंटिमीटर'ऐवजी 'मायक्रोसेकंद' निवडा. बाहेरच्या थर्मामीटरचं तापमान व्हेरिएबलमध्ये भरा, वेग प्रोग्रामला काढू द्या (३३१ अधिक ०.६ गुणिले तापमान), वेळेला वेगाने गुणा, दोनने भागा, शेवटी १०,००० ने भागून सेंटिमीटर करा. दोनने का, हे विसरणारा गट दर वर्षी असतो. त्यांची भिंत दुप्पट लांब जाते.

माणसाची हालचाल ओळखणारा पीआयआर सेन्सर मी उन्हाळ्यात वापरत नाही. तो अंगाची ऊब आणि आजूबाजूची ऊब यांतला फरक पकडतो. भिंतीच ३७-३८ अंशांवर गेल्या की त्याला माणूस दिसेनासा होतो. डिसेंबरात काढा, आणि चालू केल्यावर मिनिटभर त्याच्यासमोर नाचू नका, त्याला स्थिरावायला तेवढा वेळ लागतो. प्रकाशासाठी वेगळा सेन्सर घ्यायची गरजच नाही, बोर्डावरचे दिवेच 'लाइट लेव्हल' ठोकळ्याने ० ते २५५ मध्ये उजेड मोजतात.

रात्रभर जागणारा बोर्ड

थंडीत केळीचं काय होतं ते रावेरच्या पोराला सांगायला नको. पारा दहाच्या खाली गेला की नव्या पानांची वाढ मंदावते, घड अडकतो. पण पहाटे तीनला बागेत उभं राहून तापमान कोण लिहिणार? इथे दुसऱ्या आवृत्तीचा बोर्ड कामाला येतो.

बोर्डाच्या आतला सेन्सर इथे चालत नाही, कारण तो चिपचं तापमान सांगतो. डीएस१८बी२० वापरा. तो ३ व्होल्टवर चालतो, चूक अर्ध्या अंशाची धरायची, आणि स्टीलच्या टोपीत बंद असल्याने दव पडलं तरी बिघडत नाही. लाल वायर ३ व्होल्टला, काळी जीएनडीला, पिवळी पिन ० ला, आणि लाल-पिवळीमध्ये ४.७ किलोओहमचा रेझिस्टर (पिवळा, जांभळा, लाल). स्वस्तातला डीएचटी११ या कामाला घेऊ नका. त्याची चूक दोन अंशांपर्यंत जाते. दहा की आठ हाच प्रश्न असताना दोन अंशांची चूक घेऊन काय करणार? शिवाय तो ५० अंशांपर्यंतच मोजतो. मेमध्ये पत्र्याच्या खोलीत तेही अपुरं पडतं.

पायऱ्या: एक्स्टेन्शनमधून सेन्सरचा संच आणि 'डेटा लॉगर' घ्या. 'ऑन स्टार्ट'मध्ये 'सेट कॉलम्स' टाकून रकान्याला नाव द्या. 'लूप्स'मधला 'एव्हरी' ठोकळा घ्या, त्यात ९००००० मिलिसेकंद लिहा, म्हणजे पंधरा मिनिटं. आत 'लॉग डेटा' आणि त्यात सेन्सरचं तापमान. दिवसाला ९६ नोंदी होतात. 'लेड एनेबल' ठोकळ्याने दिवे बंद करा, सेल वाचतात. सकाळी बोर्ड कॉम्प्युटरला जोडला की त्याच्या ड्राइव्हमध्ये 'माय डेटा' नावाची फाइल दिसते. ती ब्राउझरमध्ये उघडते आणि तक्ता व आलेख दोन्ही दाखवते. नोंदी उतरवून घेण्याआधी नवा प्रोग्राम टाकू नका, सगळं पुसलं जातं. आमच्या दोन रात्री अशा गेल्या.

पॉवर बँक लावायचा मोह होतो. बोर्ड इतकी कमी वीज ओढतो की पॉवर बँकेला वाटतं काही जोडलंच नाही, आणि ती थोड्या वेळात झोपते. नवे सेल वापरा.

सेन्सर उघड्यावर टांगला तर दिवसा उन्हाचा आकडा मिळतो, हवेचा नाही. हवामान खातं थर्मामीटर पांढऱ्या, झडपांच्या लाकडी पेटीत, जमिनीपासून साधारण सव्वा मीटर उंचीवर ठेवतं. स्टीव्हनसन स्क्रीन म्हणतात तिला. आपली पेटी कुंडीखाली ठेवायच्या सहा-सात पांढऱ्या प्लास्टिक ताटल्यांची. वरची सोडून सगळ्यांना मध्ये मोठं भोक पाडा, पालथ्या एकावर एक, मध्ये दोन सेंटिमीटर फट ठेवून लांब बोल्टने कसा. आत सेन्सर लोंबता. ऊन आत येत नाही, वारा खेळतो.

अशा तीन पेट्या करा. एक केळीच्या आत, एक बांधावर, एक सखल कोपऱ्यात. थंड हवा जड, ती रात्री उतरून सखलात साचते, हे पुस्तकात वाचलेलं असतं. तीन आलेख एकावर एक ठेवले की दिसतं. थंडीत रात्री पाणी सोडा, बांधावर शेकोट्या करा असं शेतकऱ्यांना सांगतात. त्याने बागेत खरंच किती अंश फरक पडतो? पाणी सोडलेली रात्र आणि न सोडलेली रात्र, शेजारच्या दोन तुकड्यांत मोजा. या प्रश्नाला घरचे मोठेही कान देतात, कारण फळपीक विम्याची भरपाई हवामान केंद्राच्या नोंदींवर ठरते, आणि आपल्या बागेतला पारा आणि केंद्रावरचा पारा एक असतो की नाही यावर गावात वाद कायमचेच. मुलांच्या नोंदी विम्याला चालणार नाहीत, हे मात्र आधीच स्पष्ट सांगा.

प्रदर्शनाला काय न्यायचं

तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनात गेलो की झाकण उघडणाऱ्या कचरापेट्यांची रांग दिसते. विकत आणलेला संच, पाठ केलेलं भाषण, आणि "हा आकडा कुठून आला?" विचारलं की मुलगा सरांकडे बघतो. तुमच्या मुलांना खिळे, मातीचे दहा डबे आणि खाडाखोड केलेली वही घेऊन पाठवा. बक्षीस मिळेल याची हमी नाही. आमचं एकदा गेलंच, परीक्षकांना चकचकीत मॉडेल आवडलं. पण परीक्षकांपैकी एक जण डब्याजवळ थांबले, माती दाबून बघितली आणि स्वतःच म्हणाले, "हा वापसा." मुलीने वही उघडून दाखवली. आकडा हिरव्या चौकटीत होता.

अडलं तर

आकडा १०२३ वरच चिकटला असेल तर दोन चिमटे एकमेकांना लागलेत. सतत शून्य असेल तर पिन १ चा चिमटा सुटलाय किंवा खिळ्यावर गंज चढलाय, काचकागदाने घासा. आकडा उड्या मारत असेल तर रेझिस्टर जीएनडीला नीट लागलेला नाही. डीएस१८बी२० भलताच आकडा देत असेल तर ४.७ चा रेझिस्टर राहिलाय किंवा लाल-काळी उलट झालीय. हात लावा, तो तापला असेल तर लगेच काढा. काहीच कळेना तर सगळं सोडून पहिल्या तासाचा बटणाचा प्रोग्राम टाका. तो चालला तर बोर्ड ठणठणीत आहे, दोष वायरीत आहे.

मेच्या सुटीआधी डब्यांमधले सेल काढून ठेवा, उन्हात ते पाझरतात आणि स्प्रिंगा खातात. खिळे धुऊन, पुसून, तेलाचा हात फिरवून वर्तमानपत्रात गुंडाळा. आणि फरकाचा आकडा लिहिलेले बोर्ड लोखंडी कपाटाच्या सगळ्यात खालच्या कप्प्यात ठेवा. वरचा कप्पा पत्र्याजवळ येतो.